स्वयंचिकट पट्ट्या

पाणी, उष्णता वा विद्रावक यांपैकी कशाचीही मदत न घेता केवळ बोटाच्या हलक्या दाबाने पृष्ठभागावर चिकटणाऱ्या पट्ट्यांस स्वयंचिकट पट्ट्या म्हणतात. व्यवहारात त्यांना चिकटपट्टी म्हणतात; पारदर्शक पट्टीस मात्र एका ब्रिटिश व्यापारी नावावरून सरसकट ‘सेलोटेप’ म्हटले जाते. जखमेवरील पट्टी, विजेच्या तारेवरील काळी पट्टी, रंगकामात वापरावयाची कागदी पट्टी आणि खोक्यांची तोंडे बंद करणारी तपकिरी पट्टी हे सर्व याच वर्गातील प्रकार होत. या पट्ट्यांचा इतिहास मुख्यतः त्यांतील द्रव्यांचा इतिहास आहे. आधीच्या द्रव्याचा एखादा दोष दूर करण्यासाठी पुढचे द्रव्य आले. तथापि पट्टी किती काळ टिकेल आणि निघताना मागे काय ठेवील, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. जुन्या कागदपत्रांच्या बाबतीत त्या विलंबाची किंमत मोठी ठरली आहे.

पूर्वीची आसंजके : स्वयंचिकट पट्ट्या येण्यापूर्वी महाराष्ट्रात चिकटविण्याच्या कामी चार द्रव्ये मुख्यत्वे वापरात होती : खळ, डिंक, शिरस व लाख. गव्हाचे पीठ किंवा मैदा पाण्यात शिजवून केलेली खळ पुस्तकबांधणीत व कागदाच्या डागडुजीत वापरीत. कसर लागू नये म्हणून बांधणीकार तीत मोरचूद घालीत. बाभूळ, धावडा इ. झाडांचा डिंक पाण्यात विरघळवून लखोटे व कागद चिकटवीत. जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेला शिरस गरम करून सुतारकामात वापरीत, तर लाख वितळवून तिने थैल्या व लखोटे मोहोरबंद करीत. या सर्व द्रव्यांत एक गोष्ट समान आहे. ती प्रथम पातळ असतात व मग पाणी उडून गेल्याने किंवा थंड झाल्याने घट्ट होतात. सांध्याची बळकटी या घट्ट होण्यावर अवलंबून असते. नासिक रोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून छापल्या जाऊ लागलेल्या टपाल तिकिटांच्या पाठीवरील लेप याच तत्त्वावरचा होता. ओल लागली की तो पातळ होई आणि वाळला की पकड घेई. पुडकी बांधण्याच्या डिंक लावलेल्या कागदी पट्ट्याही अशाच ओलवून चिकटवाव्या लागत.

स्वयंचिकट पट्टीवरील आसंजक मात्र कधीही वाळून घट्ट होत नाही. ते लावण्यापूर्वी, लावताना व लावल्यानंतर एकाच स्थितीत राहते. तिचे वैशिष्ट्य आणि पुढे दिसणारा तिचा दोष या दोहोंचे मूळ येथेच आहे.

कार्य व घटक : कोणतेही दोन पृष्ठभाग पुरेसे जवळ आले, तर त्यांच्या रेणूंमध्ये आकर्षण निर्माण होते. परंतु गुळगुळीत दिसणारे पृष्ठभागही सूक्ष्म पातळीवर खडबडीत असल्याने ते प्रत्यक्षात थोड्याच ठिकाणी एकमेकांस स्पर्श करतात. म्हणून आसंजकाने दाब मिळताच द्रवाप्रमाणे वाहून खाचाखोचा भरून काढल्या पाहिजेत आणि पट्टी ओढली असता मात्र घन पदार्थाप्रमाणे प्रतिकार केला पाहिजे. या दुहेरी गुणधर्मास श्यान-स्थितिस्थापकता म्हणतात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ कार्ल डालक्विस्ट यांनी अशा आसंजकाच्या मऊपणाची मर्यादा दाखवून दिली. सु. एक सेकंदाच्या अवधीत मोजलेला त्याचा स्थितिस्थापकता गुणांक सु. ३ लाख पास्कालपेक्षा कमी असला, तरच ते नुसत्या दाबाने पकड घेते. खोलीच्या तापमानास इतके मऊ राहण्यासाठी त्यातील बहुवारिकाचे काचसदृश अवस्थेत जाण्याचे तापमान बरेच खाली असावे लागते. नैसर्गिक रबराच्या बाबतीत ते सु. −७०° से. आहे.

नुसते रबर पुरेसे चिकटत नाही. त्याचे रेणू फार लांब असल्याने ते ताण सहन करते, पण पृष्ठभागावर पसरत नाही. त्यात राळेसारखे कमी रेणुभाराचे रेझीन मिसळले म्हणजे मिश्रण चिकट होते. रबर बळ देते व रेझीन चिकटपणा देते, ही विभागणी आजही कायम आहे.

पट्टीत सामान्यतः चार थर असतात. आधारक (कापड, कागद किंवा प्लॅस्टिकचे पटल) हा पट्टीचा कणा होय. त्याच्या खालच्या बाजूस आसंजक पक्के धरून ठेवणारा बंधक लेप व त्यावर आसंजकाचा थर असतो. वरच्या बाजूस न चिकटू देणारा विमोचक लेप असतो. हा शेवटचा लेप नसेल, तर गुंडाळी उलगडताना आसंजक आधारक सोडून वरच्या वेटोळ्याच्या पाठीवर निघून जाते. आवेष्टनाच्या नेहमीच्या पट्टीतील आसंजकाचा थर साधारणतः २० ते ३० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकाच जाड असतो.

रबरी लेपाचा उदय : या पट्ट्यांचा जन्म वैद्यकात झाला. अमेरिकेत शेकट व होरेस डे यांना १८४५ साली रबर व पाइन वृक्षाची राळ यांचे मिश्रण कापडावर पसरून केलेल्या वैद्यकीय पट्टीचे एकस्व मिळाले. जर्मनीत हँबर्ग येथील औषधविक्रेते पाउल बायर्सडॉर्फ यांनी १८८२ साली गटापर्चा वापरून केलेल्या औषधी पट्टीचे एकस्व घेतले. या आरंभीच्या पट्ट्यांचा मोठा दोष म्हणजे राळेतील अम्लांमुळे कातडीचा होणारा दाह. मिश्रणात झिंक ऑक्साइड घातले असता ते अम्लांचे उदासिनीकरण करते, असे आढळल्यावर हा दोष बराच कमी झाला. अमेरिकेत १८९९ व जर्मनीत १९०१ पासून झिंक ऑक्साइडयुक्त पांढऱ्या पट्ट्या विक्रीस आल्या. १९२० साली अर्ल डिक्सन यांनी अशा पट्टीच्या मध्यभागी जाळीदार कापडाची घडी ठेवून तयार पट्टी बनविली. ‘बँड-एड’ या नावाने ती पुढे जगभर प्रसिद्ध झाली.

वैद्यकीय पट्टी चांगली चिकटते, पण कातडीचा दाह करते, अशी तक्रार होती. तिचाच फायदा घेऊन बायर्सडॉर्फ यांच्या कंपनीने १८९६ साली सायकलीच्या टायरची छिद्रे बुजविण्याची पट्टी विकण्यास आरंभ केला. केवळ तांत्रिक उपयोगासाठी काढलेल्या पहिल्या पट्ट्यांत तिची गणना होते.

कागद व सेलोफेन : अमेरिकेत मोटारगाड्यांना दोन रंग देण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा रंगांची सीमा सरळ राखण्यासाठी चिकटविलेला कागद काढताना रंगच निघून येई. मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग (३ एम) या कंपनीतील रिचर्ड ड्रू यांनी यावर उपाय म्हणून १९२५ साली चुणीदार कागदाची पट्टी तयार केली. तिच्या लेपात सुतारी सरस व तो मऊ ठेवणारे ग्लिसरीन होते. सहज निघून येणे हाच येथे पट्टीचा गुण होता.

यानंतर ड्रू यांनी सेलोफेनकडे लक्ष वळविले. सेल्युलोजापासून बनविलेले हे पारदर्शक पटल स्वित्झर्लंडचे झाक ब्रँडेनबर्गर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शोधून काढले होते. त्यावर लेप सारखा बसेना, उष्णतेने ते वेडेवाकडे होई व यंत्रात फाटे. बंधक लेपाच्या योजनेने या अडचणी दूर होऊन १९३० साली रबर व रेझीन यांचा लेप असलेली पारदर्शक पट्टी बाजारात आली. त्याच सुमारास आर्थिक मंदी सुरू झाल्याने फाटलेली पुस्तके, नोटा, खेळणी इ. वस्तू टाकून न देता जोडून वापरण्याकडे लोकांचा कल होता. त्यामुळे तिचा खप झपाट्याने वाढला. जर्मनीत १९३६ साली व ब्रिटनमध्ये १९३७ साली अशाच पट्ट्या निघाल्या. ब्रिटनमधील पट्टीचे ‘सेलोटेप’ हे नाव भारतातही रूढ झाले.

प्लॅस्टिके व संश्लेषित आसंजके : दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याची खोकी पाण्यापासून सुरक्षित राखण्यासाठी पॉलिएथिलिनाचा लेप दिलेल्या सुती कापडाची मजबूत पट्टी अमेरिकेत वापरात आली. विजेच्या तारांवर गुंडाळावयाची पट्टी पूर्वी रबर व डांबरी द्रव्ये भिनविलेल्या सुती कापडाची असे. ती ओलीने व उन्हाने खराब होई. पॉलिव्हिनिल क्लोराइड (पीव्हीसी) हे विद्युत् निरोधक प्लॅस्टिक हाताशी आल्यावर त्याची पट्टी करण्याचे प्रयत्न झाले. परंतु पीव्हीसी मऊ करण्यासाठी घातलेले तेलकट मृदुकारक द्रव्य हळूहळू आसंजकात झिरपून त्याचा चिकटपणा घालवी. मृदुकारकाची योग्य निवड करून १९४० नंतरच्या दशकात ही अडचण सोडविण्यात आली. आधारक व आसंजक ही स्वतंत्र द्रव्ये नसून त्यांचा परस्परांवर परिणाम होतो, हा महत्त्वाचा धडा यातून मिळाला.

नैसर्गिक रबराच्या रेणूत कार्बन अणूंमधील दुहेरी बंध असतात. त्यांच्यावर हवेतील ऑक्सिजन व प्रकाश यांचा परिणाम होऊन रबर प्रथम पातळ व चिकचिकीत आणि नंतर पिवळे व ठिसूळ होते. ॲक्रिलिक बहुवारिकांच्या मुख्य साखळीत असे बंध नसल्याने ती ऑक्सिडीभवनास पुष्कळच दाद देत नाहीत व स्वतःच पुरेशी चिकट असल्याने त्यांस वेगळे रेझीनही लागत नाही. १९६१ साली सेल्युलोज ॲसिटेटाच्या दुधी पटलावर ॲक्रिलिक आसंजकाचा लेप असलेली ‘मॅजिक टेप’ निघाली. साठीच्याच दशकात स्टायरीन व आयसोप्रीन यांची गटबद्ध सहबहुवारिके आली. ती तापविली असता पातळ होतात व थंड झाल्यावर रबरासारखी वागतात. त्यामुळे विद्रावकाशिवाय लेप देता येऊ लागला. टोल्यूइनसारखे ज्वालाग्राही विद्रावक वापरावे लागू नयेत, म्हणून पाण्यातील ॲक्रिलिक पायसांचाही प्रसार झाला. दोन्ही दिशांनी ताणलेल्या पॉलिप्रोपिलिनाच्या पटलाने सेलोफेनला आवेष्टनाच्या क्षेत्रातून जवळजवळ हुसकावून लावले. उच्च तापमानासाठी पॉलिइमाइडाचे पटल व सिलिकोनाचे आसंजक वापरतात.

महाराष्ट्रातील उद्योग : या उद्योगास लागणारा कच्चा माल भारतात पूर्वीपासून होता. कापूस वऱ्हाड-खानदेशात, पाइनाची राळ हिमालयाच्या पायथ्याच्या वनांत आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून रबर केरळात मिळे. संश्लेषित द्रव्ये मात्र खनिज तेल रसायनांच्या कारखान्यांनंतरच उपलब्ध झाली. मुंबईत १९६१ साली पीव्हीसीचे उत्पादन सुरू झाले. तुर्भे येथे १९६६ साली व ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६८ साली नॅप्थ्याचे भंजन करणारे संच उभे राहिले. वैद्यकीय पट्ट्यांच्या क्षेत्रात १९५७ साली स्थापन झालेल्या जॉन्सन अँड जॉन्सनच्या भारतीय कंपनीने मुलुंड येथे कारखाना काढला. पॉलिव्हिनिल ॲसिटेटाच्या पायसावर आधारलेले ‘फेव्हिकॉल’ १९५९ साली मुंबईत निघाले व सुतारकामातून शिरस मागे पडला. हे पायस वाळून घट्ट होणारे असल्याने ते स्वयंचिकट वर्गात मोडत नाही.

भोर संस्थानात स्थापन झालेली भोर इंडस्ट्रीज ही पीव्हीसीच्या उद्योगातील एक जुनी कंपनी होय. ‘स्टीलग्रिप’ ही तिची विद्युत् निरोधक पट्टी परिचित होती. पुढे हे व्यापारी नाव फेव्हिकॉल बनविणाऱ्या पिडिलाइट कंपनीकडे गेले. या कंपनीच्या एका प्रकरणात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय उत्पादनशुल्काच्या कायद्यात महत्त्वाचा मानला जातो. पक्का माल तयार होण्याच्या ओघात निर्माण होणाऱ्या कच्च्या पीव्हीसी पटलावर शुल्क द्यावे लागेल काय, असा प्रश्न होता. जी वस्तू त्या अवस्थेत बाजारात विकली जाण्याजोगी नाही, ती शुल्कपात्र माल ठरत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

जुने कागद व चिकटपट्टी : पट्टीचा मूळ दोष सर्वांत गंभीर रूपात ग्रंथालये व दप्तरखाने यांत दिसून येतो. फाटलेल्या पानास पारदर्शक पट्टी लावणे सोपे व स्वस्त असल्याने शाळांच्या ग्रंथालयांपासून घरोघरच्या जुन्या दप्तरांपर्यंत तिचा उपयोग झाला. जगप्रसिद्ध विद्वानही यास अपवाद नव्हते. मृत समुद्राच्या परिसरात सापडलेल्या प्राचीन गुंडाळ्यांचे तुकडे १९५० नंतरच्या दशकात चिकटपट्टीने जोडण्यात आले. त्यावरील आसंजक काढण्याचे काम इझ्राएलमध्ये १९९१ पासून वर्षानुवर्षे करावे लागले.

फेलर व एन्क या संशोधकांनी १९८२ साली या ऱ्हासाच्या अवस्था स्पष्ट केल्या. पहिल्या अवस्थेत बाह्यतः काहीच बदल दिसत नाही व पट्टी तुलनेने सहज काढता येते. दुसऱ्या अवस्थेत ऑक्सिडीभवनाने आसंजक तेलकट व पिवळे होऊन कागदाच्या तंतूंत झिरपते. कागद तेथे पारदर्शक दिसू लागतो व शेजारची पानेही चिकटतात. शेवटच्या अवस्थेत रेणूंचे आडवे जोड होऊन आसंजक कठीण व गर्द तपकिरी बनते. मग आधारक आपोआप गळून पडतो, परंतु डाग बहुतेक विद्रावकांना दाद देत नाही. म्हणजे पट्टीचा उपयोग संपतो आणि अपाय तेवढा उरतो. तापमान वाढले की या क्रिया जलद होतात. अकोला, वाशीम या भागांत उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. तेथे आसंजक मऊ होऊन पट्टीच्या कडांतून बाहेर येण्याची भीती अधिक असते.

मराठी कागदपत्रांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. मोडी कागदपत्रे बहुधा जुन्नरी, दौलताबादी यांसारख्या हातकागदावर काजळीच्या शाईने लिहिलेली आहेत. हा कागद खळ देऊन व घोटून गुळगुळीत केलेला असे. काजळीची शाई कागदाशी रासायनिक रीत्या संयोग पावत नाही. ती या घोटीव पृष्ठभागावर डिंकाच्या आधाराने बसलेली असते. त्यामुळे अक्षरांवर लावलेली पट्टी ओढून काढली, तर पुष्कळदा अक्षरेच तिच्याबरोबर निघून येतात. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे कोट्यवधी कागद, तसेच भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) व भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (१९१७) येथील संग्रह पाहता ही बाब किरकोळ नाही. खाजगी घरांतील दप्तरे तर कोणाच्याच देखरेखीखाली नसतात. सनद, वतनपत्र किंवा वंशावळ यांची बहुधा एकच प्रत असते आणि त्यातील एखादे नाव वा तारीख गेली, तर ती दुसरीकडून मिळत नाही.

म्हणून अभिलेखरक्षणात एक तत्त्व मान्य झाले आहे : दुरुस्तीचे द्रव्य मूळ वस्तूहून बळकट नसावे आणि पुढे केव्हाही ते अपाय न करता काढता यावे. या कसोटीवर जुनी खळ आधुनिक पट्टीहून श्रेष्ठ ठरते. ती कागदाच्या स्वतःच्या खळीशी जुळते आणि नियंत्रित ओलाव्याने फुगून सुटी होते. गव्हाच्या शुद्ध पिष्टाची पातळ खळ व लांब तंतूंचा तलम कागद यांनी फाटलेला भाग सांधण्याची पद्धत जगभर प्रचलित आहे. तीतही काळजी घ्यावी लागते. ओलाव्याने काजळीची शाई हलू शकते, खळीस कीड व बुरशी लागू शकते आणि मोरचूद घातलेली खळ तांब्याच्या अंशामुळे कागदास मारक ठरू शकते. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सेल्युलोज ॲसिटेटाचे पटल व तलम कागद ॲसिटोनच्या साहाय्याने हाताने चिकटवून जीर्ण कागद सुरक्षित करण्याची पद्धत विकसित झाली व ती अन्य देशांतही वापरली गेली. हे पटल काढणे सोपे नसल्याचे अनुभवास आल्यावर त्याबाबतही सावधगिरी बाळगण्यात येऊ लागली. ॲक्रिलिक आसंजकाच्या पट्ट्या पिवळ्या पडत नसल्या, तरी कालांतराने त्यांची पकड वाढते. म्हणून मौल्यवान कागदांस त्याही लावीत नाहीत. जुनी पट्टी काढण्याचे काम तज्ज्ञाकडूनच करून घ्यावे लागते. प्रथम सौम्य उष्णतेने आधारक सोडवितात व मग शाईवर होणारा परिणाम तपासून विद्रावकाने आसंजक उचलतात.

अलीकडील संशोधन : पट्टीच्या पकडीने विज्ञानासही काही अनपेक्षित लाभ करून दिले आहेत. मँचेस्टर येथे आंद्रे गाइम व कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर पुनःपुन्हा सोलून कार्बनाचा एकाणुक थर (ग्रॅफीन) वेगळा केला (२००४). या विषयावरील संशोधनास २०१० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. निर्वात जागेत पट्टी उलगडली असता क्ष-किरण बाहेर पडतात, असे कॅलिफोर्नियात २००८ साली दाखविण्यात आले.

खनिज तेलावरील अवलंबन कमी करण्यासाठी वनस्पतिज द्रव्यांकडे लक्ष वळले आहे. सोयाबीन तेलाच्या रेणूतील दुहेरी बंधांवर ऑक्सिजन जोडून मिळणारे एपॉक्सीकृत तेल पीव्हीसीत मृदुकारक व स्थिरकारक म्हणून वापरात आहेच. त्यापासून स्वयंचिकट आसंजके बनविण्याचे प्रयोगही एकविसाव्या शतकात यशस्वी झाले आहेत. वाशीम जिल्ह्यात रिसोड, केनवड या बाजूस सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक असल्याने अशा संशोधनास महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्व आहे. द्रव्य खनिज असो वा वनस्पतिज, त्याची परीक्षा केवळ पहिल्या दिवसाच्या पकडीवरून करून चालणार नाही. ते किती काळाने कसे बदलते व ते काढल्यावर खालची वस्तू पूर्ववत राहते की नाही, हेही पाहावे लागेल. खोक्यावरील पट्टीस हा निकष फारसा लागू पडत नाही. दप्तरातील कागदास मात्र तोच मुख्य होय.